फिक्सीला फ्रीव्हील: साताऱ्याच्या उतारासाठी कमी खर्चातला बदल

पुतण्यानं पुण्यात शिकत असताना एक जुनी फिक्सी घेतली होती. काळी फ्रेम, बारीक टायर, ना गिअर ना मडगार्ड, आणि ब्रेक फक्त पुढं एकच. पुण्यात त्याचं छान चाललं. साताऱ्यात आल्यावर पहिल्याच आठवड्यात राजवाड्यावरून पोवई नाक्याकडे उतरताना त्याचा एक पाय पॅडलवरून सुटला. पॅडल फिरायचं थांबलं नाही, पिंडरीवर दोनदा आदळलं. घरी आला तेव्हा पिंडरीची वीतभर कातडी सोललेली. "काका, सायकल चांगलीय, पण पाय थांबूच देत नाही," एवढंच म्हणाला.

फिक्सीचा स्वभावच तो. मागचं दातेरी चक्र, ज्याला कॉग म्हणतात, थेट हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या नळीसारख्या भागावर, घट्ट बसवलेलं असतं. चाक फिरतंय तोवर पॅडल फिरणारच. त्याच्या सायकलला पुढं ४६ दातांचं चेनव्हील आणि मागं १६ दातांचा कॉग होता. ७०० च्या बारीक टायरचा घेर साधारण २.१ मीटर धरला, तर पॅडलच्या एका फेरीत सायकल सुमारे ६ मीटर पुढं जाते. ताशी ४० किलोमीटरचा वेग आला की पायांना मिनिटाला ११० फेऱ्या माराव्या लागतात. आपल्याकडे उतारावर ४० चा वेग यायला पॅडल मारावंच लागत नाही. यवतेश्वर घाटात तर हात ब्रेकवरून उचलला की झालं.

म्हणून फ्रीव्हील, म्हणजे पाय थांबवले तरी चाक फिरू देणारं दातेरी चक्र, लावून ती सिंगल स्पीड करायची ठरली. काम घरी होण्यासारखं आहे आणि खर्चही बेताचा आहे. पण बहुतेक जण समजतात की हे फक्त एक दातेरी चक्र काढून दुसरं लावायचं काम आहे, तसं ते नाही. फिक्सीत तुमचे पाय हाच मागचा ब्रेक असतो. फ्रीव्हील बसलं त्या क्षणी तो ब्रेक गेला. त्यामुळे पैसे कमी असतील तर ते आधी ब्रेकवर घाला, उरतील त्यातून फ्रीव्हील घ्या. आमच्याकडच्या सायकलवाल्या मामांनी सायकल बघितल्या बघितल्या हेच सांगितलं. पुतण्या फ्रीव्हीलची किंमत विचारत होता, तर ते म्हणाले, "ते र्‍हाऊ द्या. आधी मागचा ब्रेक कुठं बसवनार ते दावा."

मागचं चाक आधी उलटसुलट बघा

काहीही विकत घ्यायच्या आधी मागच्या चाकाच्या दोन्ही बाजू पुसून नीट बघा. बऱ्याच फिक्सींना दोन्ही बाजूंना आटे असलेला हब असतो. एका बाजूला कॉग बसवलेला आणि दुसऱ्या बाजूला नुसते आटे, किंवा तिथं आधीच एक फ्रीव्हील बसवलेलं. तसं असेल तर तुमचं निम्मं काम झालं. चाक काढायचं, नुसते आटे असतील तर त्यांवर फ्रीव्हील चढवायचं, उलटं करून बसवायचं, बस्स. जुना कॉग डाव्या बाजूला तसाच राहिला तरी त्याचा त्रास नाही.

दुसऱ्या बाजूला आटेच नसतील, तर कॉगच्या बाजूनंच काम करावं लागतं. तिथं आट्यांच्या दोन पायऱ्या दिसतील. आतली पायरी मोठी, तिच्यावर कॉग बसतो. बाहेरची थोडी लहान, तिच्यावर लॉकरिंग, म्हणजे कॉग सुटू नये म्हणून आवळायची रिंग, बसते. मोठ्या पायरीचं माप १.३७ इंच, म्हणजे सुमारे ३४.८ मिलिमीटर, आणि एका इंचात २४ आटे. सिंगल स्पीड फ्रीव्हीलचं नेहमीचं मापही हेच. त्यामुळे लॉकरिंग आणि कॉग काढला की त्याच आट्यांवर फ्रीव्हील चढतं आणि लॉकरिंग मग लागत नाही. याच्या उलट मात्र कधी करू नका. फ्रीव्हीलच्या बाजूला फिक्स कॉग लावला तर त्याला लॉकरिंगचा आधार नसतो आणि पायानं मागं जोर दिला की तो सुटतो.

काही स्वस्त सायकलींवर आधीच्या मालकानं हाच उद्योग केलेला असतो. साध्या हबवर कॉग चढवून आट्यांना चिकट द्रव लावून घट्ट केलेला. अशी सायकल हाती आली तर कॉग सुटायला जड जाईल, थोडी आच द्यावी लागेल. ते काम दुकानातच करून घ्या. कॉग बोल्टांनी बसवलेला हब असेल, तर खाली सांगितलेलं त्याला लागू पडत नाही.

किती दातांचं घ्यावं

१६ दातांऐवजी १८ दातांचं फ्रीव्हील घ्या. आपल्या साध्या, उभ्या हॅण्डलच्या सायकलींना बहुधा १८ दातांचंच असतं, त्यामुळे कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतं आणि स्वस्तही पडतं. पुढं ४६ तसंच ठेवलं तर पॅडलच्या एका फेरीत सायकल ६ मीटरऐवजी सुमारे ५.४ मीटर जाते, आणि चढाला पायावरचा जोर नवव्या हिश्शानं हलका होतो. मिनिटाला ६० फेऱ्या आरामात मारल्या तरी ताशी १९ किलोमीटर निघतात. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे चढताना हा फरक मांडीला पहिल्याच दिवशी कळतो. सांगलीसारख्या सपाट गावात मी कदाचित १६ च ठेवलं असतं.

घेताना तीन गोष्टी बघा. पहिली, चेनची रुंदी. फिक्सीची चेन बहुधा रुंद, अष्टमांश इंचाची असते आणि साध्या सायकलीचं फ्रीव्हील तिला चालतं. तुमची चेन गिअरच्या सायकलीसारखी अरुंद असेल, तर जाड दात तिच्यात शिरत नाहीत. जुन्या चेनचा हातभर तुकडा दुकानात न्या आणि दातांवर घालून बघा. दुसरी, फ्रीव्हीलच्या तोंडावर खाचा आहेत का. खाचा असतील तर पुढं ते काढायला पुलर लागतो. नसतील तर काढताना फोडावं लागतं. आणि तोच पुलर त्या दुकानात आहे का, हेही तिथंच विचारून घ्या.

तिसरी गोष्ट कानानं तपासायची. फ्रीव्हील हातात धरून मधला भाग स्थिर ठेवा आणि दात उलटे फिरवा. टिकटिक एकसारखी आणि ठसठशीत यायला हवी. हा आवाज आतल्या कुत्र्यांचा, म्हणजे दात्यांत अडकणाऱ्या छोट्या खिट्ट्यांचा. मामांनी पुतण्याला दाखवायला एक निकामी फ्रीव्हील ताटात उघडलं. वरच्या झाकणाला दोन बारीक भोकं असतात आणि आटे उलटे, म्हणजे ते घड्याळाच्या दिशेनं फिरवून सुटतं. झाकण निघालं तसे मोहरीहून थोडे मोठे छर्रे ताटभर पळाले. मध्ये दोन कुत्रे, नखाएवढे, प्रत्येकाच्या पाठीशी केसासारखी तारेची स्प्रिंग. एकाची धार पार गोल झाली होती. पुढं जोर दिला की हे कुत्रे आतल्या दात्यांत अडकतात आणि चाक ओढतात. पाय थांबवला की दात्यांवरून घसरत टिकटिकतात. स्प्रिंग मेली किंवा धार झिजली की कुत्रे फेल जातात, आणि नेमके तुम्ही उभं राहून चढावर जोर देता तेव्हा पॅडल रिकामं फिरतं. वापरलेलं फ्रीव्हील ५० रुपयांत मिळालं तरी घेऊ नका ते यासाठी.

ब्रेक बसवा, मग पुढं जा

नवं फ्रीव्हील आणून आम्ही पिशवीत ठेवलं आणि आधी ब्रेक बसवले. पहिला प्रश्न भोकाचा. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या माथ्यावर आणि मागं सीटखालच्या दोन नळ्यांना जोडणाऱ्या आडव्या तुकड्यात ब्रेकचा बोल्ट जायला भोक आहे का बघा. पुष्कळ फिक्सींना दोन्हीकडे असतं, काहींना फक्त पुढं असतं. भोक नसेल तर ड्रिल मारून पाडू नका. चिमट्याचा माथा हा सायकलीचा फार ताण सोसणारा भाग आहे, तिथं धातू कमी करणं म्हणजे जिवाशी खेळ. क्लॅम्पनं बसणारी पट्टी मिळाली तर बघा, किंवा भोक असलेला दुसरा चिमटा शोधा. दोन्ही चाकांना ब्रेक बसवणं जमतच नसेल, तर ती सायकल फिक्सीच राहू द्या आणि सपाटीला चालवा. माझं हे मत पक्कं आहे.

एकटा पुढचा ब्रेक पुरेल असं काही जण सांगतात. थांबवण्याची बरीचशी ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते हे खरं, कारण थांबताना वजन पुढं येतं. पण घाटात वायर तुटली तर फिक्सीवाल्याकडे निदान पाय असतात. फ्रीव्हीलवाल्याकडे दुसरा ब्रेक नसेल, तर काहीच नसतं.

दुसरा प्रश्न पोहोचीचा. बोल्टच्या भोकाच्या मध्यापासून रिमच्या कडेच्या मध्यापर्यंत पट्टीनं अंतर मोजा आणि ते लिहून दुकानात न्या. कॅलिपर, म्हणजे रिम दोन्हीकडून दाबणारे ब्रेक, कमी पोहोचीचे साधारण ३९ ते ४९ मिलिमीटरचे आणि जास्त पोहोचीचे ४७ ते ५७ चे येतात. मोजल्याशिवाय आणलेला कॅलिपर एक तर टायरला घासतो, नाहीतर रिमपर्यंत पोहोचतच नाही. मागचं चाक पुढं सरकणार आहे (ते चेनच्या वेळी सांगतो), त्यामुळे मागचं माप पुन्हा एकदा घ्यावं लागतं.

लिव्हर कॅलिपरच्या जोडीचेच घ्या. व्ही-ब्रेकचे (रिमच्या दोन्ही बाजूंना उभे हात असलेल्या ब्रेकचे) लिव्हर वायर जास्त ओढतात आणि कॅलिपरवर त्यांचा जोर कमी पडतो. वायर आतली आणि बाहेरची, दोन्ही नव्या घ्या, इथं काटकसर नको. मागच्या वायरसाठी फ्रेमवर खुंट्या नसतील तर बाहेरची वायर सलग ठेवून वरच्या नळीला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधा. हॅण्डल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, वायर ताणता कामा नये. ब्रेकचे रबर रिमच्या कडेवर पूर्ण टेकले पाहिजेत, टायरला मुळीच लागू नयेत, आणि रिमपासून दोन-तीन मिलिमीटर दूर असावेत.

फिक्सींच्या बाबतीत एक गोष्ट हमखास राहून जाते: रिमचा रंग. पुतण्याच्या रिम काळ्या रंगाच्या होत्या आणि कडेलाही रंगच. रंगावर रबर घसरतो, आणि पहिला पाऊस झाला की ब्रेक लागल्यासारखं वाटतच नाही. आम्ही बारीक पॉलिश पेपरनं दोन्ही कडांचा रंग हळूहळू उतरवला, आतला चांदीसारखा धातू दिसेपर्यंत. दोन्ही चाकांना मिळून एक दुपार गेली. साताऱ्यातला पाऊस बघता ती दुपार घालवायलाच हवी.

जुना कॉग काढताना

चाक काढा आणि आट्यांवर रॉकेलचे चार थेंब टाकून अर्धा तास ठेवा. आधी लॉकरिंग. तिचे आटे उलटे असतात, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवलं की ती सुटते. मामा म्हणाले, "घट्ट करतोय असं समजून सोडवायचं." लॉकरिंगसाठी आकड्याचा पाना असतो. तो नसेल तर तिच्या खाचेत बोथट पंच तिरका ठेवून हातोडीनं हलके ठोके द्या. खाचेवर थोडी खूण पडेल, पण ती रिंग आता लागणारच नाही.

नंतर कॉग. त्याचे आटे सरळ, म्हणून तो घड्याळाच्या उलट दिशेनं सुटतो. पण पॅडल मारून मारून तो इतका आवळलेला असतो की हातानं हलत नाही. त्यासाठी चेनचा पाना लागतो आणि तो फुकटात होतो. सव्वा फूट लांब, इंचभर रुंद, जाड लोखंडी पट्टी घ्या. जुन्या चेनचे दोन तुकडे, एक वीतभर आणि एक बोटभर, पट्टीच्या टोकाजवळ जवळजवळ रिबेटनं पक्के करा. फॅब्रिकेशनवाला दहा मिनिटांत करून देतो. लांब तुकडा कॉगला गुंडाळायचा, आखूड तुकडा दातांत अडकवायचा आणि पट्टी खाली दाबायची. चाक उभं करून दोन गुडघ्यांत घट्ट धरा, नाहीतर दुसऱ्याला धरायला सांगा. पहिला झटका बसेल तेव्हा "टक" असा आवाज येतो, आट्यांनी पकड सोडल्याची ती खूण. हात दातांसमोर ठेवू नका आणि जाड हातमोजे घाला.

हे सगळं करायला जमणार नसेल तर चाक तेवढं दुकानात न्या, कॉग काढून घेणं हे काही मोठं काम नाही. फ्रीव्हील चढवणं मात्र स्वतः करा.

फ्रीव्हील चढवताना घाई नको

हे काम स्वतः करा म्हणतोय त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या एका सायकलीचं फ्रीव्हील मी एका दुकानात बदलायला दिलं होतं. त्या माणसानं ते हबवर टेकवलं आणि थेट पाना लावून फिरवलं. ते तिरकं शिरलं आणि अ‍ॅल्युमिनियमच्या हबचे आटे कापले गेले. हब गेला, म्हणजे आरे सोडून चाक पुन्हा बांधायची वेळ आली. फ्रीव्हील पोलादाचं असतं आणि हब मऊ धातूचा. दोघांत चूक झाली तर हार हबचीच होते.

हबचे आटे रॉकेल आणि जुन्या टूथब्रशनं घासा. फडक्यानं पुसा आणि प्रत्येक खोबणीत ग्रीस भरा, भरपूर, हात आखडू नका. ग्रीस नसेल तर वर्षभरानं फ्रीव्हील निघणार नाही. चाक जमिनीवर आडवं ठेवा, फ्रीव्हील वरून सपाट टेकवा आणि आधी उलट दिशेनं हळू फिरवा. आट्यांची तोंडं जुळली की ते बारीकसं खाली बसल्यासारखं जाणवतं. तिथून सरळ दिशेनं, फक्त बोटांनी. एका वेढ्यात ते जेमतेम १ मिलिमीटर आत जातं. निदान पाच-सहा वेढे बोटांनी अलगद गेले पाहिजेत. मध्येच जड लागलं तर जोर करू नका. बाहेर काढा, पुसा, पुन्हा लावा. पूर्ण बसल्यावर पाना लागत नाही, पहिल्या चढावर तुमचे पायच ते आवळतात.

आता दातांजवळ, फिरणारा आणि स्थिर भाग मिळतात त्या फटीत पातळ तेलाचे तीन-चार थेंब टाका आणि फिरवा. जाड ग्रीस आत भरू नका, त्यात कुत्रे चिकटून बसतात. पावसाळ्यात दर आठ-पंधरा दिवसांनी हेच करा.

चेन आणि चाकाची जागा

१६ चे १८ दात झाले की चेन आखूड पडेल अशी भीती वाटते. हिशेब असा आहे: दोन दात वाढले तर चाक अर्धा दुवा, म्हणजे सहा-सव्वासहा मिलिमीटर पुढं घ्यावं लागतं. फिक्सीच्या मागच्या खाचा लांब असतात, त्यामुळे बहुतेक वेळा जुनी चेन तशीच चालते. खाचेत एवढी जागा उरलीच नसेल, तर नवी चेन घ्या. जुनी चेन फार झिजलेली असेल तरीही बदला, ती नव्या दातांना खाते.

चाक खाचेत घालून मागं ओढा आणि चेनच्या मध्यावर बोटानं वरखाली करा. अर्धा इंच हलली पाहिजे. मग क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, हळू पूर्ण फिरवत तोच ताण चार-पाच ठिकाणी बघा. चेनव्हील किंचित वाकडं असतं, एका जागी चेन घट्ट होते. त्या घट्ट जागेचा ताण धरा. मागून बघून चेन सरळ रेषेत जाते का पाहा. फ्रीव्हीलचा बाहेरचा काठ फ्रेमला लागत असेल तर अ‍ॅक्सलवर एक पातळ वायसर घाला. चाक मधोमध करून दोन्ही नट आलटून पालटून, पूर्ण ताकदीनं आवळा. त्यानंतर मागचा ब्रेक पुन्हा जुळवा, कारण चाकाची जागा बदलली आहे.

आम्हाला खर्च असा आला: फ्रीव्हील २४० रुपये, लिव्हरसकट कॅलिपरची जोडी ७८०, वायरी १६०, आणि कॉग काढताना मामांनी घेतलेले ८०. एकूण १,२६० रुपये. यातले जवळजवळ तीन चतुर्थांश पैसे ब्रेकचे आहेत, आणि तसंच असायला हवं.

पहिल्या फेरीआधी

सायकलीशेजारी उभं राहून पुढचा ब्रेक पूर्ण दाबा आणि एका पायानं पॅडलवर सगळं वजन टाका. पॅडल पुढच्या बाजूला असताना क्रँकच्या चार वेगवेगळ्या जागांवर हेच करा. एकदाही पॅडल रिकामं गेलं तर फ्रीव्हील परत द्या. मग दोन्ही लिव्हर हात दुखेपर्यंत दाबून ठेवा. वायर नटमधून सरकायची असेल तर ती आत्ता दारात सरकू दे.

पहिली फेरी सपाट मैदानावर घ्या. फिक्सी चालवलेल्या माणसाचे पाय वेग कमी करायला आपोआप मागं जोर देतात, आणि आता त्या जोरानं काहीच होत नाही. पुतण्याचंही तेच झालं. दोन वेळा पाय उलटे फिरले आणि सायकल तशीच पुढं गेली. हात लिव्हरकडे जायला त्याला चार दिवस लागले, तोवर मी त्याला नाक्याकडे उतरू दिलं नाही. पाय पॅडलला बांधायचे पट्टे त्याच दिवशी काढून ठेवले, आता त्यांचं काम नाही. वळणावर आतल्या बाजूचं पॅडल वर ठेवायची सवयही लावा, फिक्सीवर ते करताच येत नव्हतं.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर वायरी थोड्या ताणतात आणि मागचं चाक कणभर सरकतं. त्यामुळे आठवड्यानं नट, चेन आणि दोन्ही ब्रेक पुन्हा तपासा. आम्ही ते शनिवारी केलं, आणि रविवारी पहाटे पुतण्या यवतेश्वरला गेला. चढताना दोनदा उतरून चालला. उतरताना फोन आला तो समर्थ मंदिरापाशी पोचल्यावर. म्हणाला, "काका, सबंध घाट पाय हलवला नाही. नुसती टिकटिक ऐकत आलो."